त्या काकांकडे आधी जा

वसईतल्या एका धर्मग्रामातून (एका चर्चखालची वस्ती, म्हणजे पॅरिश) एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ताई ५२ वर्षांच्या, शिक्षण बारावीपर्यंत. गेली २२ वर्षं त्या रविवारी मुलांना धर्मशिक्षण देतात, पहिल्या कम्युनियनची (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची) तयारी करून घेतात. यंदा जूनमध्ये फादरांनी त्यांना मोठ्या माणसांसाठी वर्ग सुरू करायला सांगितलं. दर बुधवारी रात्री आठ वाजता, चर्चच्या हॉलमध्ये. पहिल्या बुधवारी ३४ जण आले. आता ६ येतात, त्यांत पुरुष एकच. तिसऱ्या बुधवारी पुनरुत्थानाचा धडा चालू असताना मागच्या बाकावरचे सत्तरी ओलांडलेले एक काका उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पोराने चार वर्षांपूर्वी स्वतःचा जीव घेतला. तो देवाकडे आहे का?" ताई म्हणाल्या, "काका, देवाच्या मनातलं आपल्याला कळत नाही. आपण प्रार्थना करत राहायची." आणि त्यांनी पुढचं पान उघडलं. काका त्यानंतर आले नाहीत. ताई विचारतात: माझ्याकडे ना ईशज्ञानाचं (थिऑलॉजीचं) शिक्षण, ना बोलण्याची हातोटी. हा वर्ग फादरांकडे किंवा एखाद्या शिकलेल्या माणसाकडे सोपवून मी आपली मुलांच्या वर्गावर परत जाऊ का?

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. साडेतीन पानं वर्गाबद्दल आहेत: किती आले, किती गळाले, कोणतं पुस्तक वापरलं, फादर काय म्हणाले. काकांची गोष्ट शेवटच्या आठ ओळींत, जाता जाता सांगितल्यासारखी आली आहे. मला मात्र वाटतं, पत्र त्या आठ ओळींसाठीच लिहिलं गेलं. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. वर्ग सोडायचा की चालवायचा हे ठरवायला महिना लागला तरी चालेल. काकांचं तसं नाही.

तुम्ही लिहिता, "मला उत्तर आलं नाही." पण ताई, उत्तर तर तुम्ही दिलंत, आणि ते चूकही नव्हतं. चूक घाईत झाली. चार वर्षं गळ्याशी अडकलेला प्रश्न त्या माणसाने ३० माणसांसमोर उभं राहून बाहेर काढला, आणि पुढच्या मिनिटाला पान उलटल्याचा आवाज आला. तुम्ही घाबरलात म्हणून पान उलटलंत, हे तुमच्या पत्रावरून मला कळतं. काकांना ते कुठून कळणार? त्यांना एवढंच कळलं असणार की हा प्रश्न इथे विचारायचा नसतो.

आता त्या प्रश्नाबद्दल. काका सत्तरीच्या पुढचे, म्हणजे त्यांचं धर्मशिक्षण १९६०च्या आसपासचं. तेव्हा चर्चमध्ये १९१७ सालची धर्मविधिसंहिता, म्हणजे चर्चचे कायदे, लागू होती. तिच्यानुसार, जाणूनबुजून स्वतःचा जीव घेणाऱ्याने मरणापूर्वी पश्चात्तापाची खूण दाखवली नसेल, तर त्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. काकांनी लहानपणी कोणाबद्दल तरी, दबक्या आवाजात, हे ऐकलं असण्याची खूप शक्यता आहे. पुढे १९८३ साली नवी संहिता आली. दफनविधी कोणाला नाकारता येतो त्या यादीत आत्महत्या केलेल्या माणसांचा उल्लेख उरला नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात तर याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे, परिच्छेद २२८० ते २२८३. जीव घेणं ही गंभीर गोष्ट आहे हे चर्च आजही म्हणतं. पण त्याच ठिकाणी ते सांगतं की तीव्र मानसिक विकार, असह्य मनोव्यथा, मोठं भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. आणि शेवटी सांगतं की अशा माणसांच्या तारणाबद्दल आपण आशा सोडू नये. पश्चात्तापाची संधी देव त्यांना देऊ शकतो, त्याला एकट्यालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी. चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं.

हे चार परिच्छेद तुम्ही वाचले असते तर त्या बुधवारी काकांना सांगू शकला असता, हे खरं आहे. पण यात त्याहून मोठी गोष्ट मला दिसते. एक माणूस १२ वर्षांचा असताना जे शिकला, तेच घेऊन सत्तरीपर्यंत आला. मधल्या काळात चर्चची संहिता बदलली, नवा धर्मशिक्षणग्रंथ आला, आणि त्याच्यापर्यंत ते कोणी पोचवलं नाही. रोजरी चुकवली नसेल त्यांनी, रविवारची मिस्सा चुकवली नसेल. मुलगा गेला तेव्हा मात्र हाताशी होतं ते लहानपणीचं भय. आपल्याकडच्या बावखलासारखं, वाडीतल्या तळ्यासारखं, झालं हे: पाणी आहे, पण वर्षानुवर्षं गाळ काढला नाही, म्हणून खालचे झरे बुजलेत. मोठ्यांसाठी धर्मशिक्षण कशाला हवं असं पॅरिश कौन्सिलमध्ये कोणी विचारलं ना, तर मी काकांकडे बोट दाखवीन. अर्धवट राहिलेलं शिक्षण माणसाला नुसतं अज्ञानात ठेवत नाही, दुःखाच्या वेळी ते त्याला टोचतं.

तेव्हा ताई, या आठवड्यात काकांच्या घरी जा. बरोबर पुस्तक नको, वही नको, वर्गातल्या बायकाही नकोत. हवं तर तुमच्या मिस्टरांना घेऊन जा. बसल्यावर एवढंच म्हणा, "काका, त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी पान उलटलं. ते माझं चुकलं." मग गप्प बसा. ही गप्प बसण्याची गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे, कारण आपल्यासारख्या शिकवणाऱ्या बायकांना तेच सगळ्यात जड जातं. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिथवर ते खरे मित्र होते. बोलायला लागले, कारणं द्यायला लागले, आणि पुस्तकाच्या शेवटी देवानेच त्यांना सांगितलं की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत.

काका बोलले तर मुलाचं नाव विचारा. नाव कळल्यावर नाव घेऊनच बोला. "तुमचा मुलगा", "ती घटना" असं नको. अशा मरणानंतर घरातल्या माणसांना होणारा एक त्रास बाहेरच्यांच्या लक्षातच येत नाही: वाडीत त्या मुलाचं नावच कोणी घेईनासं होतं. लग्नातले फोटो बघताना लोक पुढचं पान काढतात. तुम्ही नाव घेतलंत तर चार वर्षांत बाहेरच्या माणसाच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं असं काकूंना वाटेल, कदाचित.

चर्च आज काय सांगतं ते त्यांनी विचारलं तर सांगा, साध्या शब्दांत, एकदाच. धर्मशिक्षणग्रंथाचं पान वाचून दाखवायचं असेल तर दुसऱ्या भेटीत. "तो नक्की स्वर्गात आहे" असं मात्र म्हणू नका, कितीही मनात आलं तरी. तेवढी खात्री चर्चही देत नाही, आणि दुःखात असलेल्या माणसाला खोटी खात्री लगेच ओळखू येते. चर्च आशा देतं, तीच द्या. ती लहान नाही. आणखी एक. काकांच्या प्रश्नाखाली दुसरा प्रश्न असू शकतो: मी त्याला थांबवू शकलो असतो का? तो आलाच तर सोडवायला जाऊ नका, ऐका. फादरांना भेटायचं आहे का विचारा. काका-काकू जेवत-झोपत नाहीत, किंवा स्वतःच्या जिवाबद्दल निराशेने बोलतात असं दिसलं तर प्रार्थनेवर सोडून येऊ नका. घरातल्या जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरकडे न्यायला मदत करा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक चर्चच्या फलकावर लावावा असं मी प्रत्येक धर्मग्रामाला सांगेन.

आता वर्गाकडे येऊ.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: "मुलं कशी, सांगितलं की ऐकतात." २२ वर्षं तुम्ही मुलांना शिकवलंत. त्या वर्गात प्रश्नही पुस्तकात असतो आणि उत्तरही पुस्तकात. मुलाने ते पाठ करायचं, आपण शाबासकी द्यायची. लहान वयात ते ठीकच आहे, पाया तसाच घातला जातो. पण तोच साचा तुम्ही बुधवारच्या हॉलमध्ये नेलात. बाकांच्या रांगा, पुढे टेबल, धडा पहिला, धडा दुसरा. मोठं माणूस म्हणजे उंच झालेलं मूल, असं आपण न कळत धरून चालतो. मोठं माणूस येतं ते घरातला प्रश्न घेऊन. मुलगी दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न करते आहे. नवरा पितो. जमीन विकून भावाभावांत बोलणं बंद झालं आहे, आणि रविवारी एकाच मिस्सेत दोघे दोन टोकांना बसतात, शांतीची खूण करायची वेळ आली की खाली बघतात. तो प्रश्न तुमच्या पुस्तकात कितव्या धड्यात आहे याची वाट बघत ते माणूस दोन-तीन बुधवार बसतं, मग यायचं थांबतं.

अम्माऊसच्या वाटेवरची गोष्ट लूकने चोविसाव्या अध्यायात सांगितली आहे. मोठ्यांच्या धर्मशिक्षणाचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. येशूला क्रुसावर मारल्यानंतर त्याचे दोन शिष्य हताश होऊन यरुशलेमहून निघालेत. पुन्हा उठलेला येशू मागून येऊन त्यांच्याबरोबर चालू लागतो, त्यांना तो ओळखू येत नाही, आणि पहिली गोष्ट काय करतो? विचारतो, तुम्ही चालता चालता काय बोलत होतात? ते उदास चेहऱ्याने थांबतात. क्लयपा म्हणतो, यरुशलेमात राहून तुला एकट्यालाच ठाऊक नाही का? आणि सगळं ठाऊक असलेला तो पुन्हा विचारतो, कसल्या गोष्टी? मग ते आपली सगळी कहाणी सांगतात, आम्हांला आशा होती, तीही संपली, इथपर्यंत. शास्त्र उलगडून सांगणं त्यानंतर येतं. आधी दोन प्रश्न, मग ऐकणं, मग शिकवण, आणि ओळख पटली ती जेवणाच्या पानावर, भाकर मोडताना. आपण बुधवारी तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो आणि भाकरीपर्यंत पोचतच नाही.

मी हे वरून सांगत नाही. अशा गटांत मी १८ वर्षं बसते आहे. पहिली दोन वर्षं मी वहीत लिहून न्यायचे, ओळीने वाचायचे. भाजी घेऊन दादरला जाणारी एक बाई एकदा निघताना मला म्हणाली, "तू चांगलं सांगतेस गं, पण वर बघत नाहीस." तिचे ते शब्द अजून माझ्यासोबत आहेत. वही बंद करायला मला त्यानंतरही सहा महिने लागले.

तुम्हाला आपलं बोलणं कंटाळवाणं वाटतं, असं तुम्ही दोन वेळा लिहिलं आहे. ख्रिस्तजन्मानंतर ४००च्या सुमारास कार्थेजमधल्या देओग्रातियास नावाच्या उपगुरूने हेच गाऱ्हाणं संत ऑगस्टीनला कळवलं होतं. नवख्यांना श्रद्धा शिकवताना माझंच मला नीरस वाटतं, असं तो म्हणाला. ऑगस्टीनने त्याला उत्तरादाखल एक छोटं पुस्तकच लिहून पाठवलं. त्यात तो कबूल करतो की मला स्वतःचं बोलणं जवळजवळ कधीच आवडत नाही, पण ऐकणाऱ्याला तेवढं वाईट वाटत नसतं. पुढे तो म्हणतो, आपण रोज बघून कंटाळलेली ठिकाणं पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याला दाखवताना आपल्यालाही पुन्हा सुंदर वाटतात, तसं शिकवताना होऊ दे. आणि मग अगदी व्यवहारातली गोष्ट: ऐकणारा उभं राहून थकला असेल तर त्याला बसायला आसन दे. एवढा मोठा धर्मपंडित, पण माणसाचे पाय दुखत असतील हे त्याला सुचलं. मला हे फार आवडतं.

तर तुमच्याकडे येणाऱ्यांचे पाय कुठे दुखतात ते बघू या. बुधवारी रात्री आठ वाजता, ताई, तुमच्या वाडीतले पुरुष कुठे असतात? निम्मे चर्चगेटहून सुटलेल्या विरार लोकलच्या दारात उभे असतात. फुलं आणि भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने निघणाऱ्या बायकांचे त्या वेळी डोळे मिटायला लागलेले असतात. उरलेल्या स्वयंपाकघरात. ३४चे ६ झाले याला तुम्ही आपलं शिक्षण कमी पडलं हे कारण दिलंत, मी आधी घड्याळाकडे बघेन. न येणाऱ्या २८ जणांतल्या पाच-सहा जणांना रस्त्यात गाठून विचारा, कधी जमेल? रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर चहाबरोबर पाऊण तास, असं उत्तर येईल असा माझा अंदाज आहे. किंवा वाडीत कोणाच्या तरी ओटीवर, महिन्यातून दोनदा. ओटीवर बसलेला पुरुष बोलतो, हॉलमधल्या बाकावर तो गप्प असतो.

भाषेचंही बघा. मिस्सेच्या पुस्तकातली मराठी आपल्याला कळते, पण दुःख आपण त्या मराठीत सांगत नाही. तुमच्या भागात घराघरांत कादोडी, आपली वसईकडची बोली, बोलत असतील तर गटातही बोलू द्या. प्रमाण मराठीत बोलायचं म्हटलं की अर्धी माणसं तोंडच उघडत नाहीत, आणि आपण म्हणतो यांना रस नाही.

इथे एक जुनी हकीकत सांगावीशी वाटते. १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभी फादर थॉमस स्टीफन्स हा ग्रंथ का लिहिला ते सांगतात. गोव्यातल्या साष्टीत धर्मशिक्षण चालू असताना नव्याने ख्रिस्ती झालेल्या एकाने विचारलं: आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग तशीच दुसरी आम्हांला का देत नाही? एका मोठ्या माणसाने, वर्गात, मध्येच उठून विचारलेला प्रश्न. स्टीफन्स यांनी पुढचं पान उघडलं नाही. त्यांनी ती मागणी मनावर घेतली आणि लोकांच्या तोंडी असलेल्या ओवीत सुमारे ११ हजार ओव्या रचल्या. आपल्याकडचं मोठ्यांचं धर्मशिक्षण असं सुरू झालं आहे, ऐकणाऱ्याच्या प्रश्नातून आणि ऐकणाऱ्याच्या चालीत.

मग गटात करायचं काय? धडे काही काळ बाजूला ठेवा. येत्या रविवारचं शुभवर्तमान घ्या, दुसरं काही शोधायला नको. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेत तयार झालेली सात पायऱ्यांची पद्धत आपल्याकडच्या अनेक धर्मग्रामांत वापरतात, फादरांनाही ती ठाऊक असेल. प्रभूला बोलवायचं. उतारा वाचायचा. मग ज्याला जो शब्द लागला तो त्याने नुसता मोठ्याने म्हणायचा, स्पष्टीकरण नाही. थोडा वेळ शांत. त्यानंतर, हा शब्द मला का लागला ते ज्याला वाटेल त्याने सांगायचं. मग वाडीत काही करण्यासारखं आहे का ते बोलायचं. शेवटी आपापल्या शब्दांत प्रार्थना. यात तुमचं काम वेळ सांभाळणं आणि बडबड्यांना आवरणं एवढंच. खरं सांगते, तिसरी पायरी मला सुरुवातीला बाळबोध वाटली होती. पण ज्या माणसाने ४० वर्षांत चर्चमध्ये मिस्सेतल्या ठरलेल्या उत्तरांपलीकडे काही म्हटलेलं नसतं, तो जेव्हा "भिऊ नका" हे दोन शब्द आपल्या तोंडाने म्हणतो, तेव्हा खोलीत काहीतरी बदलतं.

एक नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगा, आणि दर वेळी सांगा. इथे बोललेलं ओटीच्या खाली उतरणार नाही. वाडीत सगळेच एकमेकांचे मामे-चुलत, एकाचं दुःख दुसऱ्या दिवशी विहिरीवर पोचलं तर गट तिथेच संपला. कोणाला बोलतं करायचं म्हणून टोचायचं नाही. मारहाण, दारू, कर्ज असं काही पुढे आलं तर गटाने न्यायनिवाडा करायचा नाही, त्या माणसाला योग्य ठिकाणी पोचवायचं.

प्रश्न आला आणि उत्तर ठाऊक नसेल, तर? मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. "हे मला माहीत नाही, पुढच्या वेळेपर्यंत शोधू" हे वाक्य गटापुढे म्हणायला लाजू नका. मुलांच्या वर्गात ते म्हणायची वेळ येत नाही, म्हणून त्याची सवय नाही एवढंच. महिन्यातून एकदा फादरांना बोलवा आणि ते भिंतीवरचे प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा.

इथे तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अर्धं आलंच. शिकलेलं माणूस हवं का? हवं. पवित्र शास्त्राचे अर्थ, चर्चची शिकवण, नीतीचे अवघड प्रश्न यांत ज्याने अभ्यास केला आहे त्याची गरज आहे, आणि नुसत्या भावनेवर चालणारा गट भरकटतो हेही मी पाहिलं आहे. तुम्ही स्वतःही शिका. धर्मप्रांतात पवित्र शास्त्राचे वर्ग असतात त्यांची चौकशी करा, धर्मशिक्षणग्रंथ घरी आणून ठेवा, रोज दोन पानं. पण दर बुधवारी पंडिताने बोलायचं आणि लोकांनी हाताची घडी घालून ऐकायचं, हा बदल मला नको वाटतो. सगळं फादरांवर टाकणंही नको. त्यांच्या मागे मिस्सा, आजारी माणसं, शाळा, लग्नं आहेत, आणि काही गोष्टी लोक फादरांसमोर बोलतच नाहीत.

तुम्ही बारावी झालात म्हणून अपात्र, हे तर मला मान्यच नाही. बायबलमधला प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय काढा. अपुल्लोस मोठा वक्ता, शास्त्रांत निष्णात. त्याचं अपुरं ज्ञान कोणी पुरं केलं? प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने, ज्यांचा धंदा तंबू शिवण्याचा होता. आणि कसं केलं, तेही पाहा: सभेत उभं राहून त्याला खोडून काढलं नाही, आपल्याकडे नेऊन समजावलं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली लिहिलं की धर्मशिक्षणाचा प्रमुख प्रकार म्हणजे मोठ्यांचं धर्मशिक्षण. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाचं काम ही प्रापंचिक स्त्री-पुरुषांसाठी चर्चमधली रीतसर सेवा म्हणून स्थापन केली. तुम्ही फादरांच्या कामात हातभार लावणारी बाई नाही आहात, ताई. हे काम तुमचंच आहे.

तरीही थांबावंसं वाटलं तर थांबा. २२ वर्षं सलग सेवा करणाऱ्या बाईने सहा महिने दुसऱ्याच्या गटात नुसतं बसून ऐकलं, एखादी रिट्रीट (प्रार्थनेचं शिबिर) केली, तर त्यात पळून जाणं नाही. तुम्हाला कोण शिकवतं, तुमचा प्रश्न कोण ऐकतं, हे पत्रात कुठेच नाही, आणि ते मला खटकलं. पण पान उलटल्याच्या अपराधीपणातून थांबू नका. आधी काकांकडे जाऊन या, मग ठरवा.

जे सहा जण अजून येतात त्यांनाही हे वाचून दाखवा, हवं तर. सहा ही संख्या ओटीवर मावते. आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांपासून, नवं उपासनावर्ष सुरू होतं, नव्या पद्धतीला ती वेळ चांगली.

आणि त्याआधी नोव्हेंबर येतो आहे. दोन तारखेला आपण सगळे दफनभूमीत जातो, कबरी धुतो, झेंडूच्या माळा, मेणबत्त्या. काकांच्या घरी जाल तेव्हा, वेळ योग्य वाटली तर, काकूंना विचारा की त्यांच्या मुलाच्या नावाने मिस्सा सांगायची का. हो म्हणाल्या तर फादरांना भेटून नाव नीट, पूर्ण, आडनावासकट लिहून द्या, म्हणजे ते चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचलं जाईल. आणि त्या दिवशी कबरीपाशी दोघांबरोबर तुम्हीही उभ्या राहा.